धाकटी नेत्रिका

बाई,

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्याच्या बेताला आला आहे, हे परवा ठाण्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नक्की केलं. ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी. डावा डोळा अजून वर्षभर निभावेल म्हणाल्या. तुम्ही गेलात त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी ही बातमी पहिल्यांदा तुम्हाला सांगावीशी वाटली, कारण डॉक्टरांनी त्यानंतर जे विचारलं ते तुम्हालाच नीट कळलं असतं. "काका, आत कुठलं भिंग बसवायचं ते तुम्ही ठरवायचं," त्या म्हणाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. टेबलावर डोळ्याचा नारळाएवढा प्लॅस्टिकचा नमुना होता, त्यातलं भिंग त्यांनी चिमटीत धरून बाहेर काढलं. एक भिंग दूरचं स्वच्छ दाखवतं, एक जवळचं, आणि एक असं की त्यात दूरचं, मधलं, जवळचं, सगळंच थोडं थोडं दिसतं. "बहुतेक जण दूरचं घेतात. शुक्रवारपर्यंत कळवा." शेजारी बायको बसली होती. ती म्हणाली, "सगळं दिसतं तेच घ्या. नाहीतर आयुष्यभर चष्मा हरवाल आणि मला शोधायला लावाल." डॉक्टर हसल्या, मीही हसलो. पण माझं लक्ष त्यांच्या चिमटीकडे होतं, आणि मला आपला हिंगाचा वास आला.

तुमच्या नेत्रिकांना हिंगाचा वास यायचा. आम्ही मुलं आयपीस म्हणायचो, तुम्ही एकट्या नेत्रिका म्हणायच्यात, आणि त्या ठेवायच्यात मिसळणाच्या जुन्या डब्यात. डोंबिवलीच्या तुमच्या त्या दोन खोल्या, स्वयंपाकघरात ओट्यावरची फळी, फळीवर दोन सारखे गोल पितळी डबे. एकात मोहरी, हळद, तिखट. दुसऱ्यात तीन वाट्यांमध्ये कापसाच्या गादीवर तीन नेत्रिका आणि उरलेल्या वाट्यांमध्ये तांदूळ. ओल तांदळानं ओढून घ्यावी म्हणून. तुम्ही घाईत असलात की चुकीचा डबा गच्चीवर यायचा. एकदा तर तुम्ही अंधुक उजेडात झाकण उघडून बोटं थेट हळदीत घातलीत आणि म्हणालात, "आज गुरूला हळद लागली." आम्ही सहा-सात मुलं, गच्चीवर दिवसभर वाळत घातलेल्या पापडांच्या चटया गुंडाळून एका बाजूला केलेल्या, मावळतीकडे खाडीवर अजून तांबूस उजेड, आणि मधोमध तिकाटण्यावर तुमची ती चार फुटी नळी. पुढे तीन इंची भिंग. ते तुम्ही जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेलं, सर्वेक्षणाच्या कुठल्याशा यंत्रातलं, आणि नळी कल्याणच्या एका लोहाराकडून करून घेतलेली. आज त्या गच्चीच्या चारही बाजूंना तिच्याहून उंच इमारती आहेत. पण डोळे मिटले की मला तिथून अजूनही खाडीपर्यंत दिसतं.

तिन्ही नेत्रिकांना तुम्ही नावं ठेवली होतीत. थोरली, मधली, धाकटी. थोरलीतून तीस पट दिसायचं, मधलीतून साठ, धाकटीतून एकशेवीस. सुरुवात नेहमी थोरलीनं. तिच्यात आकाशाचा मोठा तुकडा मावतो, ग्रह चटकन सापडतो, आणि ती कुणावर रागवत नाही, असं तुम्ही म्हणायच्यात. मग मधली. मधलीत चंद्र पाहताना तुम्ही स्वतः सगळ्यात जास्त वेळ रमायच्यात. धाकटी मात्र रोज बाहेर निघायची नाही. तारे लुकलुकत असले, वरची हवा हलत असली, तर तुम्ही डब्याचं झाकण लावून टाकायच्यात. "धाकटीला वारा सोसत नाही. आज नको." आम्हाला वाटायचं, बाई कंजूसपणा करतायत.

म्हणून तर मी ती चौथी आणली. कल्याणला मामाकडे गेलो होतो तेव्हा स्टेशनबाहेरच्या भंगारवाल्याकडे मोडक्या सूक्ष्मदर्शकाचा एक डोळा मिळाला. इवलासा, पाच मिलिमीटरचा. दोनशेचाळीस पट, म्हणजे धाकटीच्या दुप्पट! मी तो खिशात घालून आणला आणि सगळ्यांसमोर तुमच्या हातावर ठेवला. तुम्ही तो उलटसुलट पाहिलात. "ही कोण? पाहुणी का?" मग दोऱ्याचे वेढे देऊन नळीत घट्ट बसवलात आणि मला म्हणालात, "बघ. तुझी पाहुणी आहे, तूच आधी." मी शनी पाहिला. कढईत वडा तळताना दिसतो तसा, फुगलेला, हलणारा, कडा नसलेला, काळपट. मी मान वर करेना. तुम्ही विचारलंत, "काय रे? किती मोठा दिसतोय?"

"मोठा आहे, बाई."

"आणि?"

"आणि... पातळ आहे."

"पातळच असणार. तीन इंचांतून उजेड येतो तेवढाच येतो. चौघांची आमटी तू चाळिसांना वाढतोयस. पाणी घालून पातेलं भरेल रे, पण आमटी कुठून येणार?" सगळी मुलं हसली. तुम्ही पाहुणीला चौथ्या वाटीत तांदळावर ठेवलंत, आणि ती तिथंच राहिली. ओरडल्या नाहीत, पण मला ते ओरडण्याहून लागलं. वर्गात माझा पहिला नंबर असायचा आणि मला हसून घ्यायची सवय नव्हती. पुढचं सगळं त्यातूनच आलं असावं, असं आता वाटतं.

तुम्हाला एका शब्दाचा राग होता. "दिसलं." गच्चीवर इमारतीतली मंडळी यायची, रांग लागायची, आणि आपल्या मागे माणसं उभी आहेत या संकोचानं प्रत्येक जण नळीला डोळा लावून क्षणात म्हणायचा, "हो हो, दिसलं! छान दिसलं!" तळमजल्यावरचे काका एकदा दोन मिनिटं खाली वाकून म्हणाले, "वा! काय तेज आहे!" तुम्ही जवळ जाऊन पाहिलंत आणि म्हणालात, "तेज आहे खरं. पण ते समोरच्या जिन्यातल्या दिव्याचं. नळी घसरलीय." म्हणून आम्हा मुलांसाठी तुम्ही नियम केलात की तोंडानं सांगायचं नाही, काढून दाखवायचं. हातातली एक बांगडी उतरवून वहीवर ठेवायच्यात, तिच्याभोवती पेन्सिल फिरवायच्यात. त्या वर्तुळात ज्यानं त्यानं दिसलं तेवढंच काढायचं. बाजूला तुम्ही नेत्रिकेचं नाव आणि एखाद्या शब्दाचा शेरा लिहायच्यात. ती वही आत्ता माझ्यासमोर आहे. सगळी वर्तुळं एका मापाची, तुमच्या मनगटाच्या मापाची.

नववीच्या सुट्टीतला मे महिना. शनी तेव्हा मे महिन्यात संध्याकाळी यायचा, आणि त्याचं कडं चांगलं उघडलेलं होतं. त्या कड्यात एक काळी फट असते, केसाएवढी. हवा स्थिर असली की तुम्हाला ती धाकटीतून दिसायची. मागच्या पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली. तुम्ही आम्हाला हे सगळं सांगितलं होतंत, कारण तुम्ही काहीच लपवायच्या नाहीत. "एकतर माझे डोळे गेले, नाहीतर ही दुर्बीण गेली. कुठलं ते कळायला तरणे डोळे पाहिजेत." त्या संध्याकाळी हवा अगदी स्थिर होती. पापडांच्या पिठाचा वास गच्चीभर होता. गच्चीवर तुम्ही, मी आणि आमच्या वर्गातली खाडीकाठच्या गावची ती मुलगी, एवढेच होतो. तिला आम्ही सगळे गाववाली म्हणून चिडवायचो. तिच्या घरची भातशेती होती, डब्यातले तांदूळ तिच्याकडचेच असायचे.

आधी तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वहीत कडं काढलं आणि बोटानं पुसून पुसून सगळं धुरकट केलं. तुम्ही म्हणालात, "अगं, हे काय? पुसलंस का?"

"मना तं असाच दिसतंय, बाई. काचंवर कोनी फुकल्यासारखा."

"नीट बघ."

"नीटच बघितला. फट नाय."

मला हसू आलं. मला वाटलं, हिला बघताच येत नाही. मग मी वाकलो. आणि बाई, मला तेच दिसलं जे तिला दिसलं होतं. कडं होतं, पण त्याच्यावर आणि आजूबाजूला दुधाळ काहीतरी पसरलेलं. फट नव्हती. मी श्वास रोखून पाहिलं, डोळा बदलून पाहिलं. मागून तुमचा आवाज आला, एरवी कधी नसायचा इतका हळू. "दिसली का रे?" मी म्हणालो, "हो बाई." आणि वर्तुळात कडं काढून त्यात दोन्ही टोकांना बारीक, टोकदार, काळी रेघ ओढली. तशी रेघ मी पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वही डोळ्यांशी नेलीत. माझ्या वर्तुळाशेजारी लिहिलंत, "धाकटी. स्पष्ट." तिच्या वर्तुळाशेजारी लिहिलंत, "धाकटी. पुन्हा बघणे." मग म्हणालात, "म्हणजे दुर्बीण शाबूत आहे. बरं झालं." तुमच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मी कौतुक समजलो. तुम्ही मला परीक्षेला बसवलंच नव्हतंत. परीक्षेला दुर्बीण होती, आणि मी तिचा खोटा निकाल लावला.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्टुलावर बसलात. नळीला डोळा लावला नाहीत. "आता तुम्ही बघा, मी लिहिते." आम्हाला त्यात काही वाटलं नाही, उलट आमच्या वाट्याला जास्त वेळ यायला लागला. मी दहावी झालो, कॉलेजात गेलो, सुट्टीत यायचो तेव्हा गच्चीवर नवी मुलं असायची आणि तुम्ही स्टुलावर, मांडीवर वही, हातात उतरवलेली बांगडी. मुलांना विचारायच्यात, "चंद्राच्या कडेला डोंगर दिसतायत? दातेरी दिसतायत की गोल?" मधलीतून चंद्र पाहताना तुम्ही किती रमायच्यात, ते मला आठवायचं. मधलीतून तुम्हाला चंद्र तेव्हाही चांगला दिसला असता, बाई. पुढे बरीच वर्षं दिसला असता. पण तुम्ही डोळे गेले असं धरून चालल्या होतात, आणि तुमचा स्वभाव असा की आपल्याला दिसत नाही तिथं रांग अडवून उभं राहायचं नाही.

दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही ओट्याशी होतात. हात पुसून तुम्ही पितळी डबा उघडलात आणि धाकटी माझ्या हातात ठेवलीत. "तुझ्या डोळ्यांना ही मानवते. तुझ्याकडे राहू दे. दुर्बीण घेशील तेव्हा लाव." मी दुर्बीण घेतली नाही. वर्तमानपत्रात लागलो आणि तीसेक वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत बसलो. आदल्या दिवशीची चूक कळली की चौथ्या-पाचव्या पानावर खाली दोन ओळींची दुरुस्ती जायची. ‘अमुक वाचावे.’ त्या दोन ओळी लिहायचं काम बहुतेकदा माझ्याकडे असे, कारण माझं हस्ताक्षर आणि डोकं दोन्ही शांत, असं संपादक म्हणायचे. दुसऱ्यांच्या चुकांची किती दुरुस्तीपत्रं मी शांत डोक्यानं छापायला पाठवली असतील. तुमच्यासाठीची दुरुस्ती राहिली.

ती कायमचीच राहून गेली असती, पण दोन महिन्यांपूर्वी बाळकुमच्या आमच्या घरी फोन आला. "हाय का रं जित्ता?" आवाज ओळखायला मला क्षणभर लागला. तिच्या गावच्या शेतात आता इमारती आहेत, एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर ती राहते, आजी झाली आहे. तुमच्या शेवटच्या वर्षांत तीच तुमच्याकडे येऊन-जाऊन असायची, घरचे तांदूळ घेऊन, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. नळी, डबा आणि वही तुमच्या भाच्यानं तिला दिली होती. "आमचे नातीला शनी बघायचाय. थोरली हाय, मधली हाय, तुजी ती पाहुनी पन हाय. धाकटी तुजेकरं ना? घेऊन ये, नायतर पाठव." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "आनि वही तू ने. तुमचे पेपरवाल्यांना जुनं कागद लागतात." चारच दिवसांत तिचा मुलगा वही आणून देऊन गेला.

धाकटी देण्याआधी पुसावी म्हणून मी टेबलाच्या दिव्याखाली धरली. बाहेरून चकचकीत होती. पुसली, तरी दुधाळपणा जाईना. मग घड्याळजी वापरतात तसल्या पेचकसानं तिची कडी सोडवली. आत दोन काचांच्या मधोमध बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखी, मधून फुटून सगळीकडे पसरलेली, सुंदर म्हणावी इतकी नाजूक. मी ती हलकेच पुसली. बुरशी गेली, पण तिचे बारीक माग काचेवर तसेच राहिले. तिनं काच खाल्ली होती, आणि काच एका पावसाळ्यात अशी खाल्ली जात नाही. तरी मी स्वतःला समजावलं की ही माझ्या कपाटातली असेल, तुमच्याकडे असताना नसेल. म्हणून वही उघडली. धाकटीची वर्तुळं एकामागोमाग पाहिली. त्या पावसाळ्याआधी सगळ्या मुलांची चित्रं कोरीव. नंतरची सगळी पुसट, कडा नसलेली. फक्त एक स्पष्ट. माझं.

तुमचे डोळे गेले नव्हते, बाई. निदान तेव्हा नव्हते. नळीच्या पुढचं भिंगही शाबूत होतं. दोष त्या पितळी डब्यात होता, कापसानं धरलेल्या ओलीत, आणि तो तुम्हाला एका संध्याकाळी सापडला असता. मी "नाही" म्हटलं असतं तर तुम्ही दोघांची दोन धुरकट वर्तुळं शेजारीशेजारी ठेवून पाहिली असतीत, धाकटी दिव्याशी नेली असतीत आणि ओट्याशी उभ्या राहून पुसली असतीत. त्या पोरीनं तर काचेवर कुणी फुंकल्यासारखं असं सांगूनही टाकलं होतं. पण तिचं कोण ऐकणार? पहिल्या नंबरानं फट पाहिली होती.

आज शुक्रवार. सकाळी डॉक्टरांना फोन केला. सगळं थोडं थोडं दाखवणारं भिंग नको म्हटलं. उजेड येतो तेवढाच येतो, तो तिघांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला पातळ येणार, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. राहिलं दूरचं की जवळचं. तुम्ही म्हणायच्यात, दुर्बिणीला चष्म्याचा नंबर विचारावा लागत नाही, फिरकी फिरवली की ज्याला त्याला आपापलं दिसतं. तेव्हा दूरच्याची काळजी नळी घेईल. मी जवळचं सांगितलं. डॉक्टरांना नवल वाटलं, "काका, नक्की?" मी म्हटलं, नक्की. मला तुमचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय वाचायचंय, हे त्यांना सांगितलं नाही. बायको म्हणाली, "म्हणजे आता घरातल्या घरात मला ओळखाल, रस्त्यात नाही."

"स्पष्ट" आणि "पुन्हा बघणे" या दोन शेऱ्यांची अदलाबदल करावी म्हणून मी पेन हातात घेतलं होतं. केली नाही. अक्षर तुमचं आहे. हे पत्रच त्या पानात घडी घालून ठेवतो. ते टाकायला पेटी नाही, आणि असती तरी आज मी ते टाकलं असतं का, हे मला सांगता येत नाही. गाववालीला अजून काही बोललेलो नाही.

मंगळवारी ऑपरेशन. बुधवारी पट्टी निघेल. त्यानंतर तीन आठवडे डोळा जपायचा, म्हणजे दिवाळी येईल. पाऊस तोवर गेलेला असेल. शनी आता दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी पूर्वेला येतो. तेव्हापासून सूर्याभोवती जवळजवळ दीड फेरी मारून झाली त्याची. तिच्या गच्चीवर जायचं ठरलं आहे. थोरलीनं सुरुवात करू, मग मधली, आणि हवा स्थिर असली तर धाकटी. कडं गेल्या वर्षी अगदी रेघेसारखं मिटलं होतं, आता कुठे उघडू लागलंय, त्यामुळे पुसलेल्या धाकटीतूनही, नव्या भिंगाच्या डोळ्यालाही, फट दिसण्याची शक्यता फारशी नाही. नात रांगेत मागे उभी असेल. तिची आजी विचारेल, "दिसली का रं?" मी नाही म्हणेन, असा अंदाज आहे.